नागपुरात प्लॉट घेताना भाव शेवटी विचारा

बेसा, बेलतरोडी, हुडकेश्वर, कोराडी रोड, भाग कुठलाही असो, गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘तिकडे काय भाव चालू आहे?’ याला एका आकड्यात खरं उत्तर नाही. एकाच रस्त्यावर समोरासमोर दोन प्लॉट असतात, दोन्ही ३० बाय ५०, दोन्ही कोरे. एकाला बँक कर्ज देते, दुसऱ्याची फाइलसुद्धा घेत नाही. फरक कागदाचा असतो आणि भाव त्या कागदाच्या मागे चालतो. म्हणून आधी कागद कोणत्या प्रकारचा ते काढायचं, मग जागा मोजायची आणि मग भावावर बसायचं. नागपुरातले बहुतेक फसलेले सौदे या क्रमाच्या उलट झालेले असतात.

कागदाचा प्रकार

जाहिरातीत ‘एनएटीपी’ लिहिलं असेल तर शेतजमीन रीतसर अकृषक झाली आहे आणि लेआउटचा नकाशा मंजूर आहे, असा दावा आहे. यात दोन कागद वेगवेगळे मागायचे: अकृषक आदेश आणि मंजूर नकाशा. नकाशावर शिक्का तात्पुरत्या मंजुरीचा आहे की अंतिम, ते वाचा. तात्पुरत्या मंजुरीवर लेआउटवाला बुकिंग घेतो, पण रस्ते, नाल्या, विजेचे खांब ही कामं झाल्याशिवाय प्राधिकरण सगळे प्लॉट मोकळे करत नाही. प्लॉट मोकळे केल्याचं जे पत्र मिळतं, त्याला बाजारात आर.एल. म्हणजे रिलीज लेटर म्हणतात. तुमचा प्लॉट नंबर त्या पत्रातल्या यादीत आहे का ते बोट ठेवून पाहा. लेआउटला आर.एल. आहे आणि तुमच्या प्लॉटला आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

शहरात आर.एल. म्हटलं की बहुधा दुसराच कागद असतो: गुंठेवारीत, म्हणजे मंजुरीशिवाय जमिनीचे तुकडे पाडून झालेल्या वस्तीत, नियमित झालेल्या प्लॉटचं नियमितीकरण पत्र. नागपुरात ५७२ आणि १,९०० लेआउट हे आकडे प्रसिद्ध आहेत. हे मंजुरीशिवाय पडलेले लेआउट, जे नागपूर सुधार प्रन्यासने, म्हणजे नासुप्रने, २००१ च्या गुंठेवारी कायद्याखाली नियमित करायला घेतले. २०२१ च्या दुरुस्तीने या कायद्याची मुदतरेषा ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे आली. त्यामुळे ‘अर्ज टाकला आहे, होऊन जाईल’ हे वाक्य आजही खूप ऐकू येतं. अर्जाची पावती म्हणजे आर.एल. नव्हे. डिमांड, म्हणजे नासुप्रने मागितलेलं शुल्क, भरल्याची पावती म्हणजेही आर.एल. नव्हे. नासुप्रचं स्वाक्षरीचं पत्र हातात असेल, त्यावर मौजा (महसुली गाव), खसरा क्रमांक (जमिनीचा सर्व्हे नंबर), प्लॉट क्रमांक आणि क्षेत्रफळ असेल, आणि त्या विभागीय कार्यालयाच्या रेकॉर्डशी ते जुळत असेल, तरच आर.एल. आहे म्हणायचं. आणि आर.एल. म्हणजे बांधकामाची परवानगी नाही, ती नकाशा टाकून वेगळी घ्यावी लागते.

क्षेत्रफळात एक बारीक गोष्ट असते. जुन्या विक्रीपत्रात १,५०० चौरस फूट, म्हणजे १३९.३५ चौरस मीटर लिहिलेलं असतं आणि आर.एल.मध्ये १२८ किंवा १३० चौरस मीटर. मधला तुकडा रस्त्यात किंवा नाल्यात गेलेला असतो. विकणारा मात्र १,५०० फुटांचेच पैसे मागतो. सौदा आर.एल.मधल्या क्षेत्रावर करा. भाव प्रति चौरस फूट ठरवून घेतला असेल तर वाद होत नाही. ‘एकूण इतके’ ठरलं की होतो.

तिसरा प्रकार, गृहनिर्माण संस्थेचा प्लॉट. संस्थेने शेतकऱ्याकडून जमीन घेतली, प्लॉट पाडले, सभासदांना वाटले. यातल्या अनेक संस्था आता कागदावरच उरल्या आहेत. धोका दोन ठिकाणी असतो. पहिला म्हणजे एकच प्लॉट दोन सभासदांना विकलेला असतो. दुसरा, लेआउटमधली मोकळी जागा किंवा सार्वजनिक उपयोगासाठी सोडलेली पीयू लँड नंतर प्लॉट क्रमांक देऊन विकलेली असते. ‘२७-अ’, ‘४०-ब’ असे क्रमांक दिसले की मूळ नकाशा काढून त्या जागी काय दाखवलं आहे ते पाहायलाच हवं.

जुन्या, मध्यवर्ती नागपुरात नझुलाच्या, म्हणजे सरकारी मालकीच्या, आणि नासुप्रच्या लीजवरच्या जागा आहेत. तिथे तुम्ही जमिनीचे मालक होत नाही, पट्टेदार होता. लीज किती साली संपते, नूतनीकरण झालं आहे का, भुईभाडं थकलं आहे का, हस्तांतरणाला परवानगी आणि शुल्क लागतं का, हे चारही प्रश्न लेखी उत्तरासह सुटल्याशिवाय बयाना देऊ नका. लीज संपलेल्या जागेचा भाव कमी वाटतो, पण नूतनीकरणाचा आणि दंडाचा खर्च जोडला की तो कमीपणा बरेचदा उरत नाही.

राहिली शेती. ‘फार्म हाऊस प्लॉट’ म्हणून ५,००० किंवा १०,००० चौरस फुटांचे तुकडे विकले जातात. विदर्भाला लागू असलेल्या १९५८ च्या कूळ कायद्याप्रमाणे परवानगीशिवाय शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते, आणि ठराविक मर्यादेपेक्षा लहान तुकडा विकायला मनाई करणारी तुकडेबंदी वेगळी. १० गुंठे म्हणजे १०,८९० चौरस फूट. जिरायत जमिनीची २०२३ साली ठरलेली किमान मर्यादा २० गुंठे आहे, बागायतीची १०. अलीकडे शहरी निवासी भागांसाठी शासनाने सवलती दिल्या आहेत, पण तुमचा खसरा विकास आराखड्यात निवासी पट्ट्यात आहे की कृषी, हे झोन दाखल्याशिवाय कळत नाही. एनएमआरडीएच्या, म्हणजे नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या, हद्दीतला झोन दाखला आणि भाग नकाशा काढायला वेळ लागतो, पैसे फार लागत नाहीत. एवढ्यासाठी लोक का थांबत नाहीत, हे कोडंच आहे.

सातबारा वाचताना

महाभूमीच्या संकेतस्थळावर डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत मिळतो. शहर भूमापनात गेलेल्या भागात त्याऐवजी आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) घ्यायची.

वरच्या भागात भूधारणा पद्धती असते. ‘भोगवटादार वर्ग १’ असेल तर पुढे जा. ‘वर्ग २’ असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विक्री चालत नाही. मग ‘इतर अधिकार’ हा रकाना अक्षर न् अक्षर वाचा: कूळ, बँकेचा बोजा, वारसांचा वाद, नागरी कमाल जमीन धारणा कायद्यातली कलम २० ची सूट, न्यायालयाचा मनाई आदेश, सगळं इथे बसतं. कमाल धारणा कायदा महाराष्ट्राने २००७ साली मोडीत काढला, पण जुन्या सुटीच्या अटी काही खसऱ्यांवर अजून लिहिलेल्या आहेत.

पूर्व विदर्भातला खास धोका म्हणजे ‘झुडपी जंगल’. नागपूरसह सहा जिल्ह्यांत महसुली नोंदीत हा शब्द असलेल्या जमिनी वन म्हणूनच धरायच्या, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये दिला. १२ डिसेंबर १९९६ आधीच्या वाटपांसाठी वेगळी वाट ठेवली आहे, ती शासनामार्फत जाते. खसऱ्याच्या जुन्या नोंदीत हे दोन शब्द दिसले तर कितीही स्वस्त असो, सोडून द्या. वन जमिनीवरचं घर कुणी नियमित करून देईल या भरवशावर आयुष्याची कमाई लावायची नसते.

सर्वांत जास्त गोंधळ मात्र एका साध्या गोष्टीने होतो. लेआउट तीस-चाळीस वर्षांपूर्वी पडला, प्लॉट विकले गेले, घरं उभी राहिली आणि सातबाऱ्यावर अजून मूळ शेतकऱ्याचंच नाव. प्लॉटधारकांनी फेरफार केलेच नाहीत. मग शेतकऱ्याच्या नातवंडांना भाव कळतो, वारसांची नोंद होते आणि कोरे राहिलेले प्लॉट पुन्हा विकायला निघतात. म्हणून संस्थेने किंवा लेआउटवाल्याने शेतकऱ्याकडून घेतलेलं मूळ विक्रीपत्र पाहा. ते नोंदणीकृत आहे का? की नुसता करारनामा आणि ताबापत्र आहे? शेतकऱ्याच्या भाऊ-बहिणींच्या सह्या त्यावर आहेत का? करारनाम्यावरून पुढे झालेल्या दहा रजिस्ट्र्या मिळूनही मालकी तयार होत नाही.

मालकीचा शोध अहवाल (सर्च रिपोर्ट) ३० वर्षांचा, वकिलाकडून करून घ्या. बँकेच्या पॅनेलवरचा वकील असेल तर उत्तम, कारण कर्जाच्या वेळी तोच कागद चालतो. शहरात दुय्यम निबंधकांची कार्यालयं अनेक आहेत आणि दस्त त्यातल्या कुठल्याही एकात नोंदलेला असू शकतो, तेव्हा एकाच कार्यालयाचा शोध अपुरा. शिवाय फक्त प्लॉट क्रमांकाने शोधू नका. जुन्या सूचीत मौजाचं स्पेलिंग, खसरा आणि प्लॉट क्रमांक सैलपणे लिहिलेले असतात. विकणाऱ्याच्या, त्याच्या आधीच्या मालकाच्या आणि संस्थेच्या नावानेही शोध घ्यायला सांगा.

विकणारा मुखत्यारपत्रावर विकत असेल तर पत्र नोंदणीकृत हवं आणि देणारा हयात हवा. तो वारला त्या क्षणी पत्र संपतं. व्हिडिओ कॉलवर बोलून घ्या, यात लाज नाही. वारसाहक्काची जागा असेल तर बहिणींचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र किंवा विक्रीपत्रावर त्यांची सही, दोन्हीपैकी एक लागेलच. अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालील, वारसाचा हिस्सा असेल तर न्यायालयाची परवानगी.

टेप घेऊन जागेवर

सोबत १०० फुटी टेप आणि लेआउटच्या नकाशाची प्रत न्या. आधी एखादा पक्का खुणेचा बिंदू शोधा, कोपऱ्यातलं जुनं घर किंवा चौकातला दगड, आणि तिथून प्लॉट मोजत या. शेजाऱ्याच्या भिंतीपासून मोजायला सुरुवात केली तर त्याची चूक तुमच्या प्लॉटात उतरते. चारही बाजू मोजून झाल्या की दोन्ही कर्ण मोजा. ३० बाय ५० चा प्लॉट काटकोनात असेल तर प्रत्येक कर्ण ५८ फूट ४ इंचांच्या आसपास येतो. दोन कर्णांत दोन-तीन फुटांचा फरक आला की प्लॉट तिरका आहे, आणि घराभोवती सोडायच्या मोकळ्या अंतराच्या हिशेबात ते तिरकेपण तुमची एक खोली खाऊन टाकतं. शंका असेल तर विकणाऱ्याला भूमी अभिलेखची मोजणी लावायला सांगा आणि मोजणीच्या नकाशाची ‘क’ प्रत मागा.

रस्ता डांबराच्या पट्ट्याचा मोजायचा नाही, समोरासमोरच्या प्लॉटांच्या हद्दींमधला मोजायचा. राज्याच्या एकीकृत विकास नियंत्रण नियमावलीत ९ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर मूळ १.१ एफएसआयवरच (प्लॉटच्या क्षेत्राच्या किती पट बांधता येतं ते प्रमाण) भागवावं लागतं. ९ मीटर किंवा जास्त असेल तर प्रीमियम भरून किंवा टीडीआर (दुसऱ्या जागेचे बांधकाम हक्क) विकत घेऊन जास्त बांधायची वाट उघडते. ९ मीटर म्हणजे साडेएकोणतीस फूट. ‘तीस फुटी रस्ता’ प्रत्यक्षात २५ फूट भरला तर बिल्डरच्या दृष्टीने त्या प्लॉटची किंमत वेगळीच, आणि उद्या तुम्ही विकायला निघाल तेव्हा तो बिल्डरच टेप घेऊन येईल.

मग मान वर करा. उच्चदाबाची तार जवळून जात असेल तर ११ केव्हीपर्यंत आडवं अंतर किमान १.२ मीटर आणि ३३ केव्हीपर्यंत २ मीटर लागतं, हे बाल्कनीपासून मोजायचं अंतर आहे. विमानतळाच्या भोवती उंचीची मर्यादा असते, दोन मजल्यांच्या घराला सहसा अडत नाही, फ्लॅट स्कीमला अडते.

आता खाली. नाग, पिवळी, पोहरा या नद्यांच्या काठचा किंवा एखाद्या बिननावाच्या नाल्याजवळचा प्लॉट असेल तर पूररेषा पाहा. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला तेव्हा चांगल्या, जुन्या, महाग वस्त्यांत पाणी शिरलं होतं. शेजारच्या किराणावाल्याला विचारा, त्या दिवशी पाणी कुठपर्यंत होतं. तो हाताने दाखवतो. काळ्या मातीचंही त्यालाच विचारा, नाहीतर जवळ बांधकाम चालू असेल तिथल्या ठेकेदाराला: मुरूम किती फुटांवर लागला? काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि पाया मुरमापर्यंत नेला नाही तर तिसऱ्या-चौथ्या वर्षी खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरके तडे निघतात. मुरूम चार फुटांवर आणि दहा फुटांवर असलेल्या दोन प्लॉटांत पायाच्या खर्चाचा जो फरक आहे, तो भावातून वजा करून घ्यायचा मुद्दा आहे.

वास्तूबद्दल एकच. दक्षिणमुखी प्लॉट नागपुरात थोडा स्वस्त मिळतो. तुम्हाला फरक पडत नसेल तर घ्या, पण विकताना तेवढीच सूट तुम्हालाही द्यावी लागेल, हे धरून चाला.

आता भाव

मागितलेला भाव आणि झालेला भाव वेगळे असतात. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर त्याच मौजाच्या गेल्या वर्षभरातल्या इंडेक्स २, म्हणजे नोंदलेल्या दस्तांचे गोषवारे, काढा. किमान तीन-चार व्यवहार मिळतात. त्यातली रक्कम कमी दाखवलेली असू शकते, तरी भावाची खालची पातळी कळते. त्याच्या शेजारी शासनाचा वार्षिक मूल्य दर (रेडी रेकनर) ठेवा. मिहान, मेट्रो, शिवमडक्यापासून निघणारा समृद्धी महामार्ग, या सगळ्यांचा भाव विकणारे घोषणेच्या दिवशीच लावतात आणि काम पूर्ण झाल्यावर पुन्हा एकदा लावतात. जामठा-बुटीबोरीकडे वीस वर्षं कोरे पडलेले प्लॉट कमी नाहीत. ज्या लेआउटमध्ये दहापैकी चार प्लॉटांवर दिवे लागलेले दिसतात, तिथला भाव खरा मानायचा.

पैशाचा हिशेब समोर मांडून पाहा. समजा शहरातला प्लॉट ४५ लाखांना ठरला. मुद्रांक शुल्क मूळ ५ टक्के, त्यावर स्थानिक संस्थेचा १ आणि मेट्रोचा १ टक्का धरला तर ३,१५,००० रुपये. नोंदणी फी १ टक्का, पण कमाल ३०,०००. झाले ४८,४५,०००. साधारण १ टक्का दलाली धरली तर ४५,००० आणखी, वकील वेगळा. हद्दीप्रमाणे अधिभार बदलतो, म्हणून चलन काढण्याआधी दुय्यम निबंधकाकडून आकडा पक्का करा. शुल्क विक्रीच्या रकमेवर किंवा शासकीय मूल्यावर, जे जास्त असेल त्यावर लागतं. स्त्रीच्या नावावर घर किंवा फ्लॅट घेतला तर १ टक्का सवलत आहे. व्यवहार ५० लाख किंवा त्याहून मोठा असेल तर १ टक्का टीडीएस कापून भरण्याची जबाबदारी घेणाऱ्याची.

रोखीचा विषय निघतोच. जागेच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रोख घेणं कायद्याने बंद आहे आणि दंड तेवढ्याच रकमेचा. त्याशिवाय, कागदावर किंमत कमी दाखवली तर पुढे विकताना तुमचा नफा फुगलेला दिसतो आणि त्यावर १२.५ टक्के भांडवली नफा कर तुम्हीच भरता. आज विकणाऱ्याचा कर वाचवायला तुम्ही उद्याचा स्वतःचा वाढवता.

बयाना ते रजिस्ट्री

टोकन ११,००० किंवा २१,००० ठीक. मोठा बयाना शोध अहवाल हातात आल्यावर. इसारपत्रात एक ओळ नक्की घाला: मालकीत दोष निघाल्यास पूर्ण रक्कम अमुक दिवसांत परत. नोटरी केलेलं इसारपत्र कुठल्याही शोधात दिसत नाही, म्हणूनच एकाच प्लॉटची तीन इसारपत्रं फिरू शकतात. रक्कम मोठी आणि मुदत लांब असेल तर ते नोंदवा. खपाच्या मराठी दैनिकात वकिलामार्फत जाहीर सूचना द्या आणि १५ दिवस थांबा. शेजारीपाजारी आणि नातेवाईक त्या मुदतीतच बोलतात.

विक्रीपत्राच्या मसुद्यात मौजा, प.ह.नं. (पटवारी हलका नंबर), खसरा, प्लॉट क्रमांक, क्षेत्र आणि चतुःसीमा आर.एल.शी शब्दशः जुळवा. ‘पूर्वेस प्लॉट १४’ लिहिलं असेल तर जागेवर पूर्वेला खरंच १४ आहे का ते पाहिलेलं हवं. जुन्या दस्तातून चतुःसीमा उतरवताना दिशा फिरतात, आणि मग चूक दुरुस्ती पत्रासाठी विकणाऱ्याला पुन्हा शोधत बसावं लागतं. सही झाल्यापासून चार महिन्यांत दस्त नोंदणीला द्यावा लागतो. त्याच दिवशी देणं शहाणपणाचं. मूळ जुने दस्त त्याच टेबलावर, डीडीच्या बदल्यात घ्या. नंतर पाठवतो म्हटलेले कागद येत नाहीत.

फ्लॅटचं थोडक्यात. नवीन स्कीम ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीवर किंवा आठपेक्षा जास्त फ्लॅटची असेल तर महारेरा क्रमांक हवाच, आणि करार नोंदवण्याआधी १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम मागता येत नाही. जुन्या फ्लॅटला डीड ऑफ डिक्लरेशन (इमारतीचा नोंदवलेला घोषणापत्र दस्त) आणि त्यात जमिनीतला तुमचा अविभक्त हिस्सा किती टक्के, ते पाहा. उद्या इमारत पाडून नवी झाली तर हाच आकडा कामाला येतो. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या फ्लॅटवर जीएसटी नाही, बांधकाम चालू असलेल्यावर सहसा ५ टक्के. आणि सर्वांत वरचा, पश्चिमेच्या भिंतीचा फ्लॅट मे महिन्यात दुपारी चारला पाहा. दिवाळीत तो सगळ्यांनाच आवडतो.

रजिस्ट्रीनंतर

फेरफाराचा अर्ज त्याच आठवड्यात. हरकतीची १५ दिवसांची मुदत संपून नोंद मंजूर झाली की नवा सातबारा किंवा आखीव पत्रिका काढून ठेवा. मनपाच्या झोन कार्यालयात मालमत्ता कराचं नामांतरण वेगळं करावं लागतं, सातबाऱ्यावरून ते आपोआप होत नाही. प्लॉट कोरा ठेवणार असाल तर चारही कोपऱ्यांवर सिमेंटचे खांब आणि तारेचं कुंपण घाला, आत नावाचा आणि खसरा-प्लॉट क्रमांकाचा बोर्ड लावा. बोर्डावर मोबाइल नंबर टाकू नका, दलालांचे फोन थांबणार नाहीत. पावसाळ्यानंतर गाजरगवत काढायला जाल तेव्हा खांब जागेवर आहेत का ते टेपने पाहा; शेजारी बांधकाम सुरू झालं की सहसा एखादा खांब फूटभर आत सरकलेला सापडतो, आणि तो शेजाऱ्याची भिंत उभी राहण्याआधीच हलवून घ्यावा लागतो.